पांढरीतून काळीत : एका कसब्याच्या घरांच्या प्रकल्प नोंदी

20 नोव्हेंबर 2023 : आखणी

गाव पाचोरा-जामनेर लहान रेल्वेच्या पट्ट्यातले. मिळकतदारांची नावे नोंदीत घ्यायची नाहीत असे ठरले, म्हणून गावाचेही नाव घातलेले नाही. घरांना क्रमांक दिले. मेन गल्लीतल्या 31 मिळकती ग-1 ते ग-31, शेतात पडलेल्या नव्या कॉलनीतली सहा घरे न-1 ते न-6. यांशिवाय गढीचे टेकाड, पूर्वेची वेस आणि स्टेशन रोडवरचे बंद जिन, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना.

घरांच्या पाहणीसाठी केलेल्या फॉर्मच्या पहिल्या मसुद्यात 'घर किती वर्षांचे?' असा रकाना होता. तो काढला. या गल्लीत जोते एका काळाचे, भिंत दुसऱ्या, खांब तिसऱ्या आणि पुढचे तोंड चौथ्याच काळाचे असते. म्हणून जोते, भिंत, लाकूडकाम, छप्पर आणि दर्शनी बाजू असे पाच रकाने केले. प्रत्येकात काळ वेगळा, पुरावा वेगळा. पुरावा नसेल तर रकाना कोरा. 'दीडशे वर्षांचा वाडा' हे वाक्य गल्लीत चौदा घरांबद्दल ऐकायला मिळते. ते फक्त शेऱ्यात लिहायचे.

साहित्य : 30 मीटरची फायबर टेप, 5 मीटरची स्टील टेप, लेझर मीटर, ओळंबा, 12 मीटर पारदर्शक लेव्हल पाईप, बारीक अंतर मोजायला व्हर्नियर, विजेरी, खडू. लेझर मीटर उन्हात अंगणात चालत नाही, ठिपकाच दिसत नाही. चौकाची मापे सकाळी नऊच्या आत घ्यायची.

28 नोव्हेंबर : नमुना 8

ग्रामपंचायतीची घरपट्टीची आकारणी यादी, म्हणजे नमुना 8, ही घरांच्या इतिहासासाठी सगळ्यात दुर्लक्षित वही. घराच्या वर्णनात छप्पर कशाचे ते लिहावेच लागते, कारण दर त्यावर ठरतो. आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी होते, त्यामुळे वह्या टिकल्या असतील तर गल्लीचे छप्पर टप्प्याटप्प्याने बदलताना दिसते. 31 घरांची बेरीज अशी लागली :

1962 च्या वहीत धाबे (मातीचे सपाट छप्पर) 24, पत्रा 4, मंगलोरी कौल 3.
1986 च्या वहीत धाबे 17, पत्रा 8, कौल 4, स्लॅब 2.
2022 च्या वहीत धाबे 6, पत्रा 9, कौल 1, स्लॅब 15.

ही वही कर बसवण्यासाठी लिहिलेली आहे हे विसरायचे नाही. स्लॅबचा दर मातीपेक्षा जास्त, म्हणून स्लॅब टाकून काही वर्षे गेली तरी वहीत 'पत्रा' राहतो. प्रत्यक्ष पाहणीत अशी तीन घरे सापडली. उलट चूकही आहे. ग-12 आणि ग-19 'पत्रा' म्हणून नोंदली आहेत, पण पत्रा जुन्या धाब्याच्या वर चार बोटे उचलून टाकला आहे. माती काढलेलीच नाही. गळती थांबली, ओझे तसेच राहिले. अशा घरांसाठी 'धाब्यावर पत्रा' असा वेगळा प्रकार धरला.

9 डिसेंबर : भूमी अभिलेख

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात नकलांसाठी अर्ज. नुसती मिळकत पत्रिका मागितली तर आजचा धारक आणि फेरफार कळतात, बांधकामाबद्दल फारसे काही नाही. सोबत चौकशी नोंदवहीचा उतारा आणि गावठाणाचा नकाशा मागायचा. भूमापन झाले तेव्हा ताबा कसा सिद्ध केला, चतुःसीमा काय, सामाईक भिंत कोणाची, बोळ कोणाचा, हे चौकशी नोंदवहीत असते. तीन मिळकतींत 'मागील बोळ पाणी जाण्यासाठी सामाईक' असा शेरा मिळाला. आज तिन्ही बोळ बांधून टाकलेले आहेत. त्या घरांच्या मागच्या भिंतीला ओल का चढते याचे उत्तर तिथेच आहे.

नकाशा 1:500. झेरॉक्सवरून माप काढू नये. कागद आखडतो, यंत्रही एका दिशेला ताणते. वेशीच्या दोन दगडी बुरुजांमधले अंतर प्रत्यक्ष मोजून नकाशाशी ताडले तर झेरॉक्सवर दीड टक्का कमी भरले. गल्लीच्या 140 मीटर लांबीत तो फरक दोन मीटरच्या पुढे जातो, म्हणजे एका घराचा अख्खा खण (दोन तुळयांमधली जागा).

17 डिसेंबर : मोडी दस्त आणि सालांचा गुंता

चार घरांतून सात मोडी कागद वाचायला मिळाले. वाचण्याआधी सपाट पृष्ठभागावर बाजूच्या उजेडात फोटो. लॅमिनेशन केलेला कागद मात्र संपलाच समजा. प्लॅस्टिकखाली शाई पसरली आहे आणि ते सोडवताना कागदही निघतो. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे गावाची आणि आडनावांची वाचने आधी मिळकत पत्रिकेवरून ठरवून घेतली.

साले चार पद्धतींची निघाली :

शके : 78 मिळवायचे, पौषाच्या मध्यानंतरच्या तिथीला 79.
विक्रम संवत : 57 वजा. कार्तिकात सुरू होतो, म्हणून जानेवारीपासून दिवाळीपर्यंतच्या तिथीला 56 वजा. गुजर आणि मारवाडी पेढ्यांचे दस्त याच सालात.
फसली : 590 मिळवायचे, जूनला साल बदलते, जानेवारीनंतर 591.
सुहूर : 599 मिळवायचे, साल मृगाला बदलते, जानेवारीनंतर 600. अंक अरबी शब्दांत आणि उलट क्रमाने. 'समान तिसैन मया व अलफ' म्हणजे आठ, नव्वद, शंभर आणि हजार, मिळून 1198. इसवी सनाचे 1797-98.

एका दस्तावर फसली आणि शके दोन्ही असतील तर दोन्हींवरून काढून पाहावे. न जुळल्यास तिथीचा महिना चुकीचा वाचलेला असतो.

ग-7 च्या खरेदीखतावर शके 1790, म्हणजे 1868-69. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात खानदेशी कापसाला आलेली तेजी तेव्हा नुकतीच ओसरली होती. खतात लिहिले आहे 'धाब्याचे घर सात खण, पुढे ओटा, मागे परस'. माडीचा उल्लेख नाही, चौकाचाही नाही. आज त्या जागी नक्षीदार सज्जाचा दोन मजली वाडा उभा आहे. घरच्यांच्या मते खतातला वाडा हाच.

खतात पश्चिमेची भिंत 11 गज. गज किती इंचांचा हे पुस्तकातून घेऊ नये, गावागणिक आणि धंद्यागणिक फरक पडतो. ती भिंत जागेवर आहे. मोजली तर 7.55 मीटर. भागाकार 68.6 सेंटिमीटर, म्हणजे 27 इंच. पुढच्या सर्व दस्तांना हाच गज लावला.

6 जानेवारी 2024 : ग-7 ची मोजणी

मापे एकाच शून्यापासून चढती घ्यायची. उंबऱ्याच्या डाव्या कोपऱ्यावर टेपचे शून्य धरून दार, खांब, कोनाडा, खिडकी अशी सलग वाचने. प्रत्येक तुकडा वेगळा मोजला तर दहा तुकड्यांत दहा चुका साठतात. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घेतले. ग-7 चे माजघर डोळ्यांना काटकोनी दिसते, कर्णांत 21 सेंटिमीटरचा फरक आहे.

भिंतीची जाडी दारात मोजून फसगत होते, कारण चौकटीजवळ भिंत कोरलेली असते. आतल्या खोल्यांची मापे आणि बाहेरचे एकूण माप यांच्या वजाबाकीतून जाडी काढली. पश्चिमेची भिंत खाली 88 सेंटिमीटर, माडीवर 61. पुढच्या बाजूची भिंत दोन्ही मजल्यांवर 46. पश्चिमेची कच्च्या मातीची, पुढची भाजक्या विटेची आणि चुन्याची. दोन्ही जिथे भेटतात तिथे खिळण नाही, उभी सरळ फट आहे. पुढचा भाग नंतर आणून टेकवलेला आहे याला यापेक्षा स्पष्ट खूण लागत नाही.

ओसरीचे सहा खांब सागवानी. चार खांबांच्या अंगावर आज कशालाही न लागणाऱ्या रिकाम्या खाचा आहेत, जमिनीपासून 92 सेंटिमीटरवर. कधीतरी तिथे कठड्याचे आडवे लाकूड होते, म्हणजे हे खांब दुसऱ्या वाड्याच्या माडीवरून आले. कोरीव खांबावरून घराचा काळ सांगणाऱ्यांनी आधी रिकाम्या खाचा शोधाव्यात. सागवान कुजत नाही तोवर विकले जाते, आणि खानदेशात ते नेहमीच विकले गेले.

21 जानेवारी : कौले आणि लोखंडी तुळया

ग-7 च्या माडीवरची कौले उतरवून छाप वाचले. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या कौलांवर 1865 हा आकडा आहे. हे साल मंगलोरला कारखाना सुरू झाल्याचे आहे, कौल भाजल्याचे नव्हे. पुढे कित्येक वर्षे तोच आकडा छापला गेला. घरच्यांची 'दीडशे वर्षे' बहुधा या आकड्यातूनच आली असावीत. त्याच छपरात कॉमनवेल्थ ट्रस्टचा छाप असलेली कौलेही मिसळलेली आहेत. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने या कंपनीकडे गेले, तेव्हा छप्पर त्याआधीचे धरता येत नाही. अर्थात दहा-वीस कौले नंतर बदललेलीही असू शकतात, म्हणून मोजदाद केली. उतरवलेल्या 120 पैकी 71 कॉमनवेल्थची, आणि ती खालच्या ओळीपासून सगळीकडे विखुरलेली. दुरुस्तीत घातलेली कौले पन्हळीजवळ आणि पाखाच्या कडेला गोळा झालेली दिसतात. इथे तसे नाही.

सज्जाखालच्या दोन लोखंडी तुळयांचा रंग खरवडला. एकीवर टाटाचा छाप. जमशेदपूरला पोलाद 1912 मध्ये निघू लागले. पाचोरा-जामनेर मार्ग, 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळांचा, 56 किलोमीटर, 1918-19 मध्ये सुरू झाला. वजनदार तुळया आणि मंगलोरी कौले बैलगाडीने आणण्याऐवजी स्टेशनवर उतरवता येऊ लागली.

ग-7 चा निकाल : जोते आणि पश्चिमेची भिंत 1868 च्या खतातली किंवा त्याआधीची, खांब परके, तोंड आणि माडी रेल्वेनंतरची.

11 फेब्रुवारी : ग-22 चे धाबे उतरवताना

मालक स्लॅबसाठी धाबे पाडत होते. गवंड्यांनी अर्धा दिवस थांबून एक खण आडवा कापून दिला. अख्ख्या प्रकल्पात एवढा उपयोगी दिवस दुसरा नाही.

खण म्हणजे दोन नाटांमधली, म्हणजे मोठ्या तुळयांमधली, जागा. इथे 1.68 मीटर, साडेपाच फूट. नाटांवर 10 बाय 12 सेंटिमीटरच्या कड्या (लहान तुळया), मध्यापासून मध्यापर्यंत 40 सेंटिमीटर. कड्यांवर किलचन, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या दाट बसवलेल्या. त्यावर खालून वर :

तुराट्या आणि निंबाचा पाला, दबून 4 सेंटिमीटर. निंब वाळवीसाठी.
गव्हाचा भुसा कालवलेला चिखल, 6 सेंटिमीटर.
पांढरी माती (जुन्या वस्तीच्या टेकाडाची), चोपून बसवलेली, 18 सेंटिमीटर.
खारीचे, म्हणजे क्षार असलेल्या मातीचे, पातळ थर, एकूण 13 सेंटिमीटर.

थर सुरीने कापून भिंगातून मोजता येतात, सोळापर्यंत स्पष्ट दिसले. दर मृगाआधी खारीचा एक थर पसरायचा आणि चोपणीने चोपायची, ही रीत. बादलीभर माती (10 लिटर) 15.8 किलो भरली. पाला वगळून 37 सेंटिमीटर मातीचे ओझे एका चौरस मीटरवर सुमारे 585 किलो, तेही कोरडे. 12 सेंटिमीटरचा स्लॅब 300 किलोच्या आसपास असतो. म्हणजे मातीचे छप्पर 'हलके' हा समज उलटा आहे. बांधताना ओझे कमी होते, दरवर्षीच्या खारीने ते वाढत गेले. जुनी खारी खरवडून मग नवी टाकणारी घरे टिकली, नुसती वर टाकत जाणारी बसली.

कड्या मध्यात मोडलेल्या नव्हत्या. भिंतीत गेलेल्या शेवटच्या 18 सेंटिमीटरमध्ये कुजल्या होत्या, उरलेले लाकूड ठणठणीत. पाणी धाब्यातून कमी आणि धाबे-भिंतीच्या सांध्यातून जास्त उतरते. पन्हळीचे टोक पूर्वी भिंतीपासून 45 सेंटिमीटर बाहेर होते. गल्लीत टेम्पो घासू लागल्यावर ते कापून 15 वर आणले, आणि पाणी भिंतीवरच पडू लागले. उतार 4.2 मीटरला 9 सेंटिमीटर, तो पुरेसा आहे.

पांढरी, खारी आणि शेतातली काळी अशा तिन्ही मातींची बाटलीत परीक्षा केली. तळाशी चार बोटे माती, वर पाणी, हलवून चोवीस तास ठेवायचे. पांढरी बसली आणि वरचे पाणी निवळले. खारीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ. तिच्यातल्या सोडियमच्या क्षारांमुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन पसरतात आणि छिद्रे बुजवतात, म्हणून पहिल्या सरीतच धाबे 'बंद' होते. शेतातली काळी माती धाब्यावर का चालत नाही तेही साच्यात दिसले. 14 सेंटिमीटरच्या साच्यात ओली भरून वाळवली तर काळी 11.9 वर आली, पांढरी 13.4 वर. उन्हाळ्यात अशा धाब्याला बोटभर भेगा पडतील.

3 मार्च : गढी

जुन्या बोलीत काळी म्हणजे शेती आणि पांढरी म्हणजे वस्ती. पांढरी ही शेकडो वर्षांच्या पडक्या भिंती, राख, शेण आणि चुन्याची माती. गढीचे टेकाड तिचेच. आज सर्वांत उंच जागी 6.3 मीटर, तीन बाजूंनी उभे कापलेले. ते तोफांनी पडलेले नाही, फावड्यांनी गेलेले आहे. माती धाब्यांसाठी नेली, भिंतींसाठी नेली, आणि खत म्हणून शेतात गाड्यांनी नेली. कापलेल्या कडेत राखेचे पट्टे, खापरे आणि एका पेवाचा (धान्य साठवण्याच्या खड्ड्याचा) अर्धा कापलेला पोटाकार भाग दिसतो. खापरे उचलली नाहीत, पट्टीसह फोटो घेऊन जागेवर ठेवली.

1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये गावोगावच्या किल्ल्यांची आणि गढ्यांची वर्णने आहेत. पण ती वाचून गढी कधी पडली हे ठरवू नये. 'पडकी' हा शब्द तिथे बुरूज ढासळल्यालाही वापरलेला आहे.

20 मार्च : जिन

स्टेशन रोडवरचे जिन. दगडी पाया, विटेचे खांब, लोखंडी कैच्या, पन्हाळी पत्रा. आत 32 बाय 11 मीटर, खांबच नाही. यंत्रे भंगारात गेली, फरशीतले पायाचे बोल्ट तेवढे आहेत. त्यांच्या अंतरावरून दोन रांगांत बारा गिन (सरकी काढण्याची यंत्रे) होते असे दिसते. छताला पूर्वेकडे काच, कापूस पारखायला उजेड लागतो. मार्गावरची गाडी मार्च 2020 पासून बंद आहे.

10 मे : आखाजी, कॉलनीतल्या भेगा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरे उघडी आणि माणसे घरी, म्हणून कॉलनीची पाहणी आज ठेवली. कॉलनी एन.ए. (बिगरशेती) झालेल्या कपाशीच्या शेतात. नाल्यासाठी खणलेल्या चरात काळ्या मातीचा थर 2.4 मीटर दिसतो, खाली मुरूम. गावाने पहिल्यांदा पांढरी सोडून काळीवर घर बांधले ते इथे.

न-3 चा पाया 1.2 मीटर खोल, काळीतच. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा. न-5 चे कॉलम मुरमापर्यंत नेलेले. दोन्ही घरांत भेगेच्या दोन बाजूंना स्क्रू बसवून व्हर्नियरने अंतर घेतले, म्हणजे पुढचे वाचन त्याच बिंदूंचे येईल. भेगेची रुंदी : न-3 मध्ये 4.6 मिलिमीटर, न-5 मध्ये 0.6. भेगा बुजवून घेण्याची घाई न-3 ला झाली होती. उन्हाळ्यात उघडलेल्या भेगेत सिमेंट भरले की पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागा राहत नाही, आणि भेग शेजारी नवीन जागी पडते. भरणे सप्टेंबरपर्यंत थांबवले.

18 जून : लोणा

पहिल्या पावसानंतर गल्लीची फेरी. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंट गिलावा केलेली पाच घरे आहेत. पाचहीमध्ये जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर फुटलेले क्षार. ओल खालून चढते, पूर्वी ती मातीच्या लिंपणातून वाळून जायची. आता गिलाव्यामागे अडकते, क्षार तिथेच साठतात, आणि गिलावा ठोकला तर पोकळ वाजतो. ग-14 मध्ये गिलाव्याचा एक पोपडा उचलला, मागे भिंतीची माती पिठासारखी गळून तीन बोटे आत गेली होती. यावर उपाय म्हणून मालकांनी वर आणखी एक जाड गिलावा सांगितला होता. तो थांबवण्याची विनंती करून खालचा मीटरभर गिलावा काढून चुन्याचा करण्याचा अंदाज दिला : चुना 1, वाळू 3, दोन हात, मध्ये आठ दिवस ओले गोणपाट.

2 सप्टेंबर : पोळा, वेस

वेशीची मोजणी सकाळीच उरकली, दुपारी बैल जमतात. कमान 3.1 मीटर रुंद, 4.4 उंच. उसाचा ट्रक जात नाही म्हणून ती पाडण्याची मागणी अधूनमधून निघते. पण पोळा फुटतो तो याच कमानीखाली, त्यामुळे मागणी दरवेळी मागे पडते. जतनाच्या कोणत्याही फलकापेक्षा हे कारण बळकट आहे. डाव्या पायाचे दोन दगड गाड्यांच्या घासण्याने 6 सेंटिमीटर सरकलेत. रस्त्याची पातळी डांबराच्या थरांनी वाढून जुनी फरशी 38 सेंटिमीटर खाली गेली आहे, म्हणजे कमान मुळात तेवढी अधिक उंच होती. डांबर खरवडून रस्ता मूळ पातळीला नेला तर ट्रकचा निम्मा प्रश्न सुटतो. ग्रामपंचायतीला द्यायच्या टिपणात हा मुद्दा पहिला घातला.

21 सप्टेंबर : भेगांचे दुसरे वाचन

न-3 : 1.9 मिलिमीटर, मे महिन्यात 4.6.
न-5 : 0.5, मे महिन्यात 0.6.

काळी फुगली, भेग मिटत आली. काळीत ओलीचा चढउतार सुमारे साडेतीन मीटरपर्यंत पोचू शकतो, इथे काळीच 2.4 मीटर आहे, आणि 1.2 मीटरचा पाया त्या हालचालीच्या मधोमध बसलेला आहे. पाया आता खोल करता येत नाही. घराभोवतीची ओल वर्षभर सारखी ठेवणे एवढेच हातात : भिंतीला लागून दीड मीटर रुंदीची बाहेर उतार असलेली फरशी, न्हाणीचे पाणी पाईपने गटारात, आणि भिंतीपासून 2 मीटरवर लावलेला निंब काढणे. निंबाला घरच्यांचा नकार आहे. मुळे अडवायला झाड आणि भिंतीमध्ये 1.5 मीटर खोल चर खणून त्यात कडाप्पा उभा करण्याचे ठरले. तिसरे वाचन पुढच्या आखाजीला, त्याच स्क्रूंवर. न-3 च्या उत्तरेच्या भिंतीवरचा डावा स्क्रू सैल झाला आहे, तो बदलताना जुने अंतर लिहून ठेवायचे : 101.4 मिलिमीटर.